काडीची लांबी

चैत्र लागला की काळेवाडीत दोन वास एकदम येतात. एक कडुनिंबाच्या मोहोराचा आणि दुसरा तापलेल्या पत्र्याचा. कविमंडळी पहिल्या वासापाशी थांबतात. मी पत्र्याखाली राहतो, त्यामुळे मला दोन्ही घ्यावे लागतात. त्यात दुपारी वारा फिरला की नदीपलीकडून कारखान्यातली यंत्रं गार ठेवायच्या कूलंटचा आंबूस वास येतो आणि माझा चैत्र पुरा होतो. पाडव्याची गुढी उतरते, गावोगावच्या यात्रांचे कागद एसटीच्या थांब्यावर चिकटतात, दापोडीत जयंतीच्या निळ्या पताका चढायला लागतात. आणि मी, नाव वसंत असूनही, या ऋतूत कामाशिवाय घराबाहेर पडत नाही.

यंदा चैत्रच दारात आला. शेजारच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलं आहे. त्या गृहस्थांकडे जुनी मोटरसायकल आहे. सकाळी ते पहिल्या शिफ्टला निघताना किक मारतात आणि भिंतीपलीकडून ऐकू येतं, टक टक टक टक. माझ्या हातातला कप बशीवर जायचा राहतो. इंजिनाचा टॅपेट वाजतोय. आतली काडी केसभर आखूड आहे. परवा त्यांनीच मला विचारलं की तुम्ही कंपनीत इंजिनावर आहात म्हणे, तर हा आवाज घालवता येईल का? मी म्हटलं, येईल, पण घालवू नका. त्यांना वाटलं मला येत नसावं. बरोबरच वाटलं.

माझ्याकडे आता स्कूटर आहे. आकुर्डीची, नंबर लावून, वाट बघून मिळवलेली. दोन स्ट्रोकचं इंजिन. त्यात झडपा नाहीत, म्हणून काडी नाही. ही गोष्ट मी गाडी घेण्याआधी खात्री करून घेतली होती असं सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखंच आहे, म्हणून मी सांगतो. पण खात्री खरंच करून घेतली होती.

काडी म्हणजे पुशरॉड. इंजिनाच्या पोटात खाली कॅम फिरतो आणि माथ्यावर, सिलिंडर हेडमध्ये, झडपा असतात. खालचं ढकलणं वर पोचवायला मधे दोन बारीक, पोकळ, पोलादी सळया उभ्या असतात. कॅम सळईला ढकलतो, सळई वरच्या रॉकर नावाच्या तरफेला, रॉकर झडपेला. झडप उघडते, मिटते. एवढाच संसार. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी खोलीत वर्तमानपत्र अंथरून माझ्या मोटरसायकलचं इंजिन खोललं होतं. शकूने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या दोन सळया उचलून दारातल्या उन्हात धरल्या आणि विचारलं, की ह्या काड्या स्वेटर विणायच्या का? दुसऱ्या दिवशी मी हे कँटीनमध्ये सांगितलं. अख्खं टेबल हसलं. तेव्हापासून आमच्या शॉपमध्ये पुशरॉडचं नाव काडी पडलं, फोरमनसुद्धा काडीच म्हणायला लागला. मी घरी येऊन शकूला सांगितलं की तुझ्यामुळे कंपनीत एक शब्द आला. ती खूश झाली असं मला वाटलं. मला त्या काळात बरंच काही वाटायचं.

तो काळ म्हणजे दुष्काळ नुकताच सरला होता तो. त्या चैत्रात शकू यात्रेला म्हणून माहेरी गेली आणि परत येणार की नाही हे ठरायचं राहिलं. आणि तेच ठरत असताना मी काळेवाडीत बसून दोन काड्यांची लांबी ठरवत होतो. माणूस किती मूर्ख असू शकतो याचं माप घ्यायचं मायक्रोमीटर अजून निघालेलं नाही.

शकू चाकणच्या पुढची, भामा नदीच्या अंगाची. घरात माणसं बक्कळ, खळ्यावर कांदा, आणि प्रत्येकाला एकाच वेळी बोलायची सवय. अशा घरातून ती माझ्या एका खोलीत आली. लग्नात दार अडवून नाव घ्यायला लावलं तेव्हा मी म्हटलं होतं, ‘इंजिनाला लागतं ऑइल, पाण्याला लागतो घडा, शकूचं नाव घेतो, दार आता सोडा.’ मांडवात हशा पिकला. मला तो हशा इतका आवडला की पुढे मी त्याच्याशीच संसार केला.

पहिलं वर्षभर ती खूप बोलायची. पत्रा तापतो म्हणून, नळाला पाणी नाही म्हणून, मोटरसायकल खोलीत का ठेवता म्हणून, तुमच्या हाताचा वास भाकरीला लागतो म्हणून. आणि ती बोलायची ते साधं नसायचं. कंपनीचा भोंगा तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा झटकन पदर डोक्यावर घेतला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, एवढ्या मोठ्यानं कोण बोलावतंय कळंना, वडीलधारं असलं म्हंजे? आता सांगा, असलं वाक्य हाती आल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसेल का? ते तिन्ही शिफ्टला पोचलं. पेंट शॉपमधली माणसं मला वाटेत थांबवून भोंग्याला पदर घेऊन दाखवायची.

माझी ती मोटरसायकल लष्कराने मोडीत काढलेली. एका सिलिंडरची, बिडाच्या अंगाची, म्हाताऱ्या बैलासारखी. टॅपेट एवढा वाजायचा की मी पवनेच्या पुलावर आलो की शकूला घरात कळायचं. ती म्हणायची, पुलावर टकटक ऐकू आली की मी चहा टाकते, तुम्ही दारात येता तवा उकळलेला असतो. आणि खरंच असायचा. बायकोने नवऱ्याची चाहूल ओळखावी, यात कौतुक करण्यासारखं काही आहे हे मला उमगलं नाही. मी त्याचाही किस्सा केला, की माझ्या गाडीला हॉर्नची गरज नाही, चुलीवर आपोआप आधण चढतं.

चाकणच्या वाटेवर इंद्रायणीचा पूल ओलांडला की एक चढ लागायचा. आम्ही दोघं, पुढे माझ्या पोटाशी गाठोडं, आणि त्या इंजिनाचा जीव केवढा. अर्ध्या चढावर शकूला उतरावं लागायचं. एकदा ती उतरली आणि चालत वर जाऊन बाभळीखाली बसली, गाडी मागाहून धापा टाकत आली. ‘बायको गाडीच्या आधी पोचली’ हा किस्सा मी इतक्यांदा सांगितला की सांगताना त्यातल्या बाईला चेहरा होता हेच विसरून गेलो.

सुदाम माझा कंपनीतला दोस्त. दापोडीचा, सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातू घासून सपाट करायच्या यंत्रावर, बसणारा आणि स्वतःबद्दल अजिबात कमी न बोलणारा. पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत आपल्यासारखा हात नाही, हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा आणि आम्ही ते ऐकून घ्यायचो, कारण खोटं पाडायला जागा नव्हती. जयंतीला त्याच्याकडे आम्ही दोघं जेवायला गेलो. गल्लीभर निळे झेंडे, दारात रांगोळी, आत खीर. त्याच्या बायकोने मोठ्या प्रेमाने शकूचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली की भोंग्याला पदर घेणाऱ्या त्या तुम्हीच ना, किती दिवस बघायचं होतं तुम्हाला. मग आलेल्या बायकांनी एकेक किस्सा काढला. स्वेटरच्या काड्या, बाभळीखालची बाई, चुलीवरचं आधण. शकू सगळ्यांबरोबर हसली. खीर मागून घेतली. परत येताना पिंपरीपर्यंत ती गाडीवर मागे काही बोलली नाही. मला वाटलं, पोट भरलंय.

त्यानंतर ती हळूहळू कमी बोलायला लागली. एकदम नाही. नवीन इंजिन रनिंगमध्ये काढतात, सुरुवातीला कुरकुर करतं, मग घासून घासून बसतं आणि आवाज कमी होतो. मी तसंच समजलो. कँटीनमध्ये म्हणालोसुद्धा, की राव, आमचं रनिंग-इन संपलं, आता घर कसं गुळगुळीत चालतं. पत्रा तापायचाच, पाणी नसायचंच, पण ती सांगायची नाही. मी काही विचारलं तर व्हय म्हणायची, न्हाई म्हणायची. त्यात किस्सा करण्यासारखं काही नसायचं. आता कळतं की ती दोन शब्द निवडून वापरत होती.

पुढच्या चैत्रात मला सुचलं की चढावर तिला उतरावं लागू नये. हे मात्र मी खरोखर तिच्यासाठी करायला गेलो. इंजिनाची ताकद वाढवायची तर हेडची खालची बाजू घासून थोडी कमी करायची, म्हणजे आतली जागा आवळते आणि धक्का जोरात बसतो. साहेब जेवायला गेले असताना सुदामने ते काम केलं. हेड आरशासारखं करून दिलं. त्यात तोंड बघत मी भांग पाडला. झडपांच्या बैठकाही नव्याने कापून घेतल्या. हे सगळं करताना काड्यांचा विचार मी केला नव्हता.

हेड खाली बसलं की रॉकरही खाली येतो. खालचा कॅम मात्र जागचा हलत नाही. म्हणजे दोघांमधलं अंतर कमी झालं आणि काडी जुन्याच मापाची राहिली. लांब काडी झडपेला सतत दाबून धरते. झडप मिटत नाही आणि इंजिन श्वास कोंडू शकत नाही. वरचं माणूस जवळ आलं तर मधल्या माणसाने थोडं आखूड व्हावं लागतं, एवढं साधं गणित. लांब झाली तर झडप मिटत नाही, आखूड झाली तर ठोकत राहते. तुम्ही म्हणाल, हा माणूस जिथेतिथे इंजिन बघतो. बघतो. दुसरं काही बघायला शिकलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

यात्रा जवळ आली तेव्हा इंजिन वर्तमानपत्रावर पसरलेलं होतं. शकू म्हणाली, मी एसटीने जाते. मी म्हटलं, थोडं थांब, या वेळी चढावर उतरावं लागणार नाही. ती पिशवीची गाठ मारता मारता म्हणाली, ‘उतरायचं मला कधी काही वाटलं न्हाई.’ आणि गेली. कोनाड्यात तिची काजळाची डबी राहिली. विसरली की ठेवली, मी विचार केला नाही. मी रॉकरचा नट शोधत होतो.

मग तिचा धाकटा भाऊ ज्ञानू कांद्याचा ट्रक घेऊन पुण्याच्या बाजारात जाताना दारात थांबला. चहाही घेतला नाही. खाली मान घालून म्हणाला, ‘दाजी, आबा म्हनत्यात यात्रेला या. चार मानसं बसत्यात. आक्का यायची न्हाई म्हनती.’

आमच्याकडे तेव्हा काडीमोडाची रीत होती. कोर्ट नाही, वकील नाही. दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, नवराबायको एका वाळक्या काडीची दोन टोकं धरतात, काडी मोडतात, सुटतात. चार माणसं बसणार याचा अर्थ ज्ञानूला सांगावा लागला नाही. माझ्या डोक्यात एकच आलं: गाडी तयार करायची, झोकात जायचं, आणि तिला मागे बसवून न उतरवता चढावरून आणायचं. माझी सगळी बाजू मी त्या इंजिनावर टाकली.

हेडमधून जेवढं घासलं तेवढंच काडीतून कापलं. गणित बरोबर वाटत होतं. किक मारली तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला, दाब म्हणून नाही. झडपांच्या बैठका कापल्यावर झडपा वर उठतात आणि काडी आणखी आखूड लागते, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. चाळ जमली. कुणीतरी विचारलं, वसंतराव, म्हैस आटली काय? मग रागाने आणखी कापलं. या वेळी इंजिन चालू झालं, पण असा खणखणाट, की पलीकडच्या म्हातारीने आरती समजून हात जोडले. हा किस्सा सांगायला मी तोंड वळवलं आणि खोलीत सांगायला कोणी नव्हतं.

शेवटी सुदाम आला. त्याने आल्याआल्या मला वेड्यात काढलं, आणि मग एक जुनी काडी मधोमध कापून तिला आटे पाडून आणले, म्हणजे फिरवली की लांब होते, उलटी फिरवली की आखूड. आधी ही बसवायची, बरोबर जमली की तिचं माप घ्यायचं, आणि त्या मापाच्या खऱ्या काड्या करायच्या. कापून बघायचं नाही, बघून कापायचं. तो म्हणाला, हे पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत फक्त त्यालाच सुचलं असतं.

काडी जमली की नाही हे कळतं रॉकर झडपेच्या माथ्यावर कुठे घासतो त्यावरून. रेघ मधोमध पडली पाहिजे. कडेला पडली तर माप चुकलं. रेघ दिसायला माथ्यावर काहीतरी फासावं लागतं. कंपनीत निळा रंग असतो, तो आणायचा राहिला होता. माझी नजर कोनाड्यात गेली.

डबी उघडली. एरंडेलाचा, जळक्या वातीचा वास आला. तिने बोटाने घेतल्याचा खळगा काजळात तसाच होता. मी त्याच खळग्यात बोट घातलं आणि झडपेच्या माथ्यावर काजळ लावलं. इंजिन हाताने फिरवलं, रॉकर उघडून पाहिलं. रेघ कडेला. काडी फिरवली, पुन्हा काजळ, पुन्हा रेघ. डोळ्यांत काजळ घालताना आरशापुढे तिचा किती वेळ जायचा त्यावरून मी कसले कसले किस्से केले होते. त्या दुपारी मला समजलं की बारीक रेघ मधोमध येणं हे किती कठीण काम आहे. डबी रिकामी होत आली तेव्हा रेघ मधोमध आली. सुदामनेसुद्धा फुशारकी न मारता मान हलवली.

नव्या काड्या झाल्या. सुदाम म्हणाला, आता रॉकरखाली केसभर फट ठेव. गार असताना फट हवीच. झडप तापली की लांबते, तिला जागा लागते. मी म्हटलं, फट ठेवली की टकटक येते. मला आवाज नको. तिच्या माहेरी गाडी कशी लोण्यासारखी गेली पाहिजे. सुदामने हातातला पाना खाली ठेवला.

‘वसंतराव, वाजतंय तोवर भ्यायचं नाही. मुकं झालं की भ्यायचं.’

तो इंजिनाबद्दल बोलत होता की आणखी कशाबद्दल, हे मी त्याला आजतागायत विचारलेलं नाही. मी फट बंद केली. तो म्हणाला, मी येतो तुझ्याबरोबर, तुझ्या बाजूने कुणीतरी पाहिजे. मी म्हटलं, येताना शकू मागे बसणार, तू कुठे बसशील?

यात्रेच्या दिवशी गाडी सुरेख चालली. भोसरी गेली, मोशी गेली. दोन्ही बाजूंना उन्हात काढलेल्या कांद्याचे ढीग, वर पातीचं झाकण, वाऱ्याला तो उग्र गोडसर वास. इंद्रायणीचा चढ आला आणि गाडी टॉप गिअरमध्ये, अवाक्षर न काढता, वर गेली. बाभळ मागे पडली. मागे कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाला उतरावंही लागलं नाही.

गावात यात्रा भरली होती. लांब शर्यतीच्या घाटाकडून बैलगाड्यांमागची आरोळी येत होती. मी खळ्याच्या मागच्या अंगाला गाडी थांबवली. एरवी मी गावकुसाला आलो की घरात कळायचं, पोरं पळत यायची. त्या दिवशी कुणालाही कळलं नाही. कांद्याच्या ढिगापलीकडे बायका विळे घेऊन पात कापत बसल्या होत्या. कांद्याची पात कापताना बोटभर मान ठेवावी लागते. अगदी मुळाशी कापली तर कांदा साठवणीच्या चाळीत सडतो, लांब ठेवली तर कोंब धरतो. हे शकूनेच मला कधीतरी सांगितलं होतं, बोलत होती तेव्हा.

आणि ती बोलत होती. तिचा आवाज मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता, म्हणजे असा ऐकला नव्हता. ती गोष्ट सांगत होती. चढाची.

‘आमचे हे खाली वाकून म्हनत्यात, चल गं राणी, चल गं राणी. मला वाटलं मलाच म्हनत्यात. मला आपलं बरं वाटलं. मी चालाया लागले. पार वर जाऊन बाभळीखाली बसले, म्हागं वळून बघते, तर राणी खालीच, आन् हे तिच्या टाकीवरनं हात फिरवत्यात.’

बायका विळे टाकून हसल्या. मी किस्सा सांगताना हे कधीच सांगितलं नव्हतं. सांगणार कसा, मला ठाऊकच नव्हतं. माझ्या किश्श्यात चढ होता, गाडी होती, हशा होता. तिच्या गोष्टीत एक बाई होती जिला वाटलं होतं की आपल्याला कुणी राणी म्हटलं. आणि काय सांगत होती ती. कुठे थांबावं, कुठे डोळे मोठे करावेत, माझी वाकून बोलायची लकब. कँटीनमध्ये माझ्या किश्श्यांवर मान डोलावणाऱ्या सगळ्यांना आणून बसवावं असं सांगत होती. मीही हसलो. ढिगामागून, मोठ्याने.

ती वळली. मला पाहिलं आणि तिचं हसू मिटलं. रागाने नाही, भीतीनेही नाही. माझ्या घरात असताना असायचं तसं तोंड झालं. तेव्हा मला समजलं की ती मुकी झाली नव्हती. फक्त माझ्यापाशी मुकी होती.

खिशातून काजळाची डबी काढून दिली. तिने उघडली. तळाशी जेमतेम काजळ, त्यात लोखंडाचा कीस.

‘कशाला लावलं?’

‘झडपेला.’

तिच्या ओठाची एक कड हलली. ‘बसली का मग काडी?’

‘बसली.’

आमच्या लग्नातलं हे सगळ्यात चांगलं बोलणं असावं. तेवढ्यात आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चिंचेखालून हाक मारली.

चार माणसं बसली होती. माझ्या बाजूने कोण, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, मीच. आबांनी मला वाईट म्हटलं नाही. जावई म्हणून पाण्याचा तांब्या आधी माझ्यापुढे केला. म्हणाले, पोरगी आली तवा बोलतच नव्हती, आमी देवऋषी बघायच्या बेतात व्हतो. मग बायांत बसली आन् सुटली. तिला विचारा काय ते. मी मान वर केली. ती उभी राहूनच बोलली.

‘भांडान न्हाई. हे वंगाळ न्हाईत. मी बोलले की त्याचा किस्सा व्हतो, म्हनून बोलायचंच सोडलं. आता परत बोलाया लागले, तर सोडवंना.’

मी आयुष्यभर कुठल्याही बोलण्यावर काहीतरी बोललो आहे. त्या वेळी मात्र मी म्हटलं, शकू म्हणते ते खरं आहे. लग्नातल्या उखाण्यानंतर चारचौघांत तिचं नाव घ्यायची ही दुसरी वेळ.

काडी शोधायची वेळ आली. खळं कांद्याचं, तिथे गवताची काडी नव्हती. एका म्हाताऱ्याने बियाण्याच्या कांद्याचा वाळका डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, उचलला. लांब, सरळ, आतून पोकळ. मी हातात घेतला आणि मनात म्हटलं, अरे, ही तर तीच. एक टोक तिने धरलं, एक मी. ओढला, तर मोडेना. मधे वाकला. लांब झालेली काडी इंजिनात अशीच वाकते. दुसरी आणा, असं कुणीतरी म्हणालं. शकू म्हणाली, नको, हीच पिरगाळू. तिने एकीकडे पीळ दिला, मी दुसरीकडे. सुटली. दोन तुकडे सारखे नव्हते. मोठा माझ्याकडे आला.

मूलबाळ नव्हतं म्हणून सोपं गेलं, असं नंतर सगळे म्हणाले.

जेवून जा, असं आबा म्हणाले. मी म्हटलं, नको, गाडी आहे. गाडीजवळ गेलो आणि किक मारली. पाय लोण्यात. पुन्हा मारली. पुन्हा लोणी. इतक्या वाटेत झडप तापून लांबली होती, उन्हात उभ्या गाडीत ती गार झाली नव्हती, आणि तिला मिटायला मी केसभरही जागा ठेवली नव्हती. सुदामचा शब्द खरा करायला गाडीने नेमकी हीच घटका निवडली. गार होईस्तोवर थांबलं असतं तर कदाचित चालू झाली असती. पण त्या खळ्यावर, त्या चिंचेसमोर, गार होत उभं राहायचं कुणी?

मी गाडी ढकलायला लागलो. खळ्यापासून सडकेपर्यंत वाट चढाची. ऊन मी म्हणत होतं. पाठीमागे विळ्यांचा आवाज थांबला, म्हणजे सगळ्या बघत होत्या. मी वाकून, छाती हँडलला लावून ढकलत होतो, आणि बायकांतून एकीने अगदी हळू म्हटलं, ‘चल गं राणी.’ दोघीतिघी फिसकन हसल्या. मलाही हसू येणार होतं. एवढ्यात कुणीतरी दटावलं, ‘गप गं.’

तो आवाज शकूचा होता. तो मी ऐकलेला तिचा शेवटचा शब्द.

पुढे तिचं जुन्नरकडे दुसरं लग्न झालं, असं कानावर आलं. माझी ती गाडी मी विकली. आटे पाडलेली मापाची काडी मात्र आहे, स्कूटरच्या डिकीत पडून असते. स्कूटरला तिचा काहीएक उपयोग नाही. सुदाम जयंतीला अजून बोलावतो, मी जातो, त्याची बायको मला आता एकही किस्सा विचारत नाही.

गेल्या वर्षी चाकणच्या बाजारात ज्ञानू भेटला. सवयीने दाजीच म्हणाला. आम्ही चहा घेतला. मी बऱ्याच वेळाने, उगाच विचारल्यासारखं विचारलं, की मी गाडी ढकलत नेली होती, ते तुमच्या गावात अजून सांगतात का? मला वाटत होतं, सांगत असतील. शकूने तर काय बहारीने सांगितलं असेल, मी कसा वाकलो, कसा पाय घसरला, राणी कशी चढेना. इतकी वर्षं मनात एवढंच होतं, की ती गोष्ट तिच्या तोंडून कुठेतरी ढिगामागे उभं राहून ऐकायला मिळावी.

ज्ञानूने कप खाली ठेवला. म्हणाला, ‘न्हाई, दाजी. आक्कानं तवाच समद्या बायांना सांगितलं व्हतं, ह्ये कुनी बोलायचं न्हाई.’

भिंतीपलीकडे आत्ता टकटक ऐकू आली. शेजारी पहिल्या शिफ्टहून परत आले. मी उठून चहा टाकला. इतकी चांगली गोष्ट होती ती. तिने कुणाला सांगितली नाही, सांगू दिली नाही. आणि मी, बघा, सांगून बसलो.